मळ्यातली साक्ष

आईचा शेवटचा साधा दिवस शनिवार होता. दसरा होऊन गेला होता, ऑक्टोबरच्या उन्हाला अजून चटका होता, आणि जेलरोडच्या घरी आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काड्यांचा ढीग, आणि ढिगाखालची बातमी ती काड्या सरकवून सरकवून वाचत होती. नगरपालिकेच्या शाळेत हयात काढलेल्या त्या बाईला छापील कागद नुसता कागद म्हणून पाहताच येत नसे. वाण्याकडून आलेली पुडीसुद्धा ती सोडवून, हातानं सरळ करून वाचायची.

जेवणाआधी तिनं फ्रिजच्या दारातली इन्शुलिनची बाटली काढली, तळहातांत घोळवली, सिरिंज भरली आणि पोटाला टोचून घेतली. कपाळावर आठी नाही.

"दुखत नाही का गं?" मी विचारलं. दर वेळी विचारायचे.

"मुख्याध्यापकांची टोचून बोलणी तीस वर्षं ऐकली मी. ही तर सुई."

मग ताटं घेतली. मेथीची भाजी, भाकरी, वरण. जेवता जेवता तिनं बाजूला काढून ठेवलेलं दुसरं पान माझ्याकडे सरकवलं. मथळा होता, 'सुईविना मधुमेहावर मात. पुंजारामबापूंच्या मळ्यात हजारोंना लाभ'.

"उद्या किशोर मला घेऊन चाललाय पिंपळगावला," ती म्हणाली.

"आई, ही जाहिरात आहे."

"जाहिरात असती तर खाली तसं लिहिलं असतं. ही बातमी आहे."

"पैसे देऊन बातमीही छापता येते."

"कुणाच्या पेपरात? ह्या? अगं, तुझा जन्म झाला तेव्हापासून येतोय तो घरी." तिला खरोखर राग आला होता. "तू कॉलेजात पोरांना शिकवतेस तरी काय? पेपरवर विश्वास ठेवू नका?"

"विचार करून ठेवा, असं शिकवते."

"मग उद्या तूही चल. बस विचार करत."

शेजारी जेवत बसलेला माझा भाऊ, किशोरदादा, हसला. मीही हसले. भाजीत मीठ कमी होतं, ते कुणीतरी मागितलं. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

*

रविवारी पिंपळगाव बसवंत ओलांडलं आणि हायवेच्या कडेला गाड्यांची रांग लागली. कांद्याचे टेम्पो अडकून हॉर्न देत होते. पुढे द्राक्षमळ्यात पत्र्याचा मोठा मांडव होता आणि मांडवात माणूसच माणूस. सटाणा, मालेगावकडचे लोक, नाशिकमधली पँट-शर्टातली मंडळी, पेठकडून आलेलं एक म्हातारं जोडपं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. पायाला बँडेज बांधलेले लोक पुष्कळ होते. मधुमेहाच्या जखमा. मांडवात फिनेल आणि उदबत्तीचा वास मिसळला होता.

पुंजारामबापू पन्नाशीचे, गोरे, स्वच्छ. कपाळाला गंध, मनगटावर घड्याळ आणि सदऱ्याला टीव्हीवाल्यांसारखा छोटा माइक. ते आले तशी गर्दी एका श्वासात उठली आणि एका श्वासात बसली.

"साखर कुठं आहे?" बापूंनी विचारलं.

"मनात!" मांडव ओरडला.

"आणि रक्तात आहे म्हणून कोण सांगतं?"

"डॉक्टर!"

"डॉक्टर रक्त कुठनं काढतो? बोटातनं. मनातनं काढतो का कधी?"

हशा पिकला.

"मग त्याला मनातली साखर दिसंल कशी, माऊली?"

टाळ्या. माझ्या शेजारचा पँट-शर्टवाला गृहस्थ मान डोलावत म्हणाला, "सायंटिफिक आहे हो." काय सायंटिफिक होतं ते त्याला विचारायला हवं होतं, पण तो टाळ्या वाजवण्यात गुंतला होता.

मग 'सुई अर्पण' सुरू झालं. व्यासपीठावर तांब्याचं घंगाळ. नव्या भक्तानं आपली सिरिंज आणि इन्शुलिनची बाटली त्यात टाकायची. काचेचा आवाज व्हायचा आणि लोक 'बापू' म्हणून गजर करायचे. घंगाळ रिकामं झालं की पुन्हा भरायचं. सुई टाकली की बापू स्वतःच्या हातानं भक्ताला पेढा भरवायचे.

लाल लुगड्यातली एक बाई पुढे आली होती. पेढा खाऊन ती घाबरून उभी राहिली.

"चक्कर आली?"

"नाय, बापू."

"डोळ्यांपुढं अंधार?"

"नाय."

"डॉक्टर काय म्हणला होता, गोड खाल्लं तर काय व्हईल?"

"मरशील म्हनला."

"मग हायेस का अजून?" बापूंनी माइक तिच्या तोंडाशी नेला, आणि ती लाजून म्हणाली, "हाय की!" मांडव डोक्यावर घेतला लोकांनी.

हाच तो चमत्कार. डोळ्यांदेखत पेढा खाल्ला आणि काही झालं नाही. पण पेढा खाऊन त्याच मिनिटाला कुणी पडत नसतंच. वाढलेली साखर सापासारखी डसत नाही, वाळवीसारखी आतून चालते. भिंत बाहेरून उभीच दिसते. बापूंना एवढं पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच पेढा होता.

आईनं सुई टाकली, पेढा खाल्ला. मग तिला बाजूच्या ओट्यावर नेलं. तिथं केबल चॅनलचा एक माणूस कॅमेरा घेऊन बसला होता. प्रत्येक नव्या भक्तानं ओट्याच्या पायऱ्या चढून यायचं, कॅमेऱ्यासमोर हात जोडायचे. ह्याला 'साक्ष' म्हणत. काही महिन्यांनी पुन्हा बोलावून पुन्हा साक्ष घेत. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. आई तरतरीत पायऱ्या चढली. गोल चेहरा, भरलेले हात, हिरवी नारायणपेठ. कॅमेऱ्यात बघून हसली. तिला फोटो काढून घ्यायला आवडायचं.

परतताना ती म्हणाली, "बघ, काही झालं का?"

*

पुढचं थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर तिचे ब्लाउज सैल व्हायला लागले. मळ्यात फोन केला की उत्तर यायचं, "साखर बाहेर पडतेय, माऊली. माणूस हलकं होणारच." तिला सारखी तहान लागे. "शुद्धी चालू आहे." मी डॉक्टरांना घरी घेऊन गेले, तर तिनं हात पदराखाली घेतले. रक्त तपासलं की केलेलं सगळं वाया जातं, असं तिला सांगितलेलं होतं. तपासणी म्हणजे अविश्वास. ह्या एका वाक्यावर तो सगळा मळा उभा होता. मी भांडले, ती हसली. मी ओरडले, दादा मध्ये पडला. दर आठवड्याला पेपरात नवी बातमी यायची आणि ती कापून ठेवायची.

फेब्रुवारीत दादा तिला जीपमध्ये आडवं करून दुसऱ्या साक्षीला घेऊन गेला. मी गेले नव्हते. ओट्यावर तिला खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, हात जोडायला लावले, असं तो म्हणाला. त्यानंतर आठवडाभरातच ती बेशुद्ध झाली. दवाखान्यात रक्तातल्या साखरेचा आकडा ऐकून दादा व्हरांड्यात खाली बसला तो कितीतरी वेळ उठला नाही.

दहाव्याला मळ्यातून प्रसाद आला. सोबतचा माणूस म्हणाला, बापूंनी शेवटचे दिवस सुखाचे केले. दादा जेवत नव्हता, झोपत नव्हता. त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही असं न ठरवता ठरलं. विचारायला येणाऱ्यांना आम्ही एकच सांगायचो. वय झालं होतं. आई बासष्टची होती.

*

त्या वर्षी नाशिकला सिंहस्थ होता. ऑगस्टमध्ये शहर साधूंनी, पोलिसांनी आणि वाहिन्यांच्या गाड्यांनी भरलं होतं. आमच्या कॉलेजात विद्यापीठाचा पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाचा वर्ग चालायचा, आणि मुलांचं वर्गात लक्ष नव्हतं. प्रत्येकाला गोदाघाटावर जाऊन कुणाची तरी मुलाखत घ्यायची होती. म्हणून मी त्यांना वेगळा अभ्यास दिला. तुमच्या घरातले लोक ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात अशी एक बातमी किंवा कार्यक्रम वर्गात आणा. आपण तो उघडून बघू.

बुधवारी शेखर सीडी घेऊन आला. शेखर नांदगावचा, वर्गातला सर्वांत मेहनती मुलगा. होस्टेलला राहायचा.

"मॅडम, माझं उलटं आहे," तो म्हणाला. "मी ह्यात खोटं शोधायला नाय आणलं. खरी पत्रकारिता कशी असती ते दाखवायला आणलंय. पुराव्यासकट."

कव्हरवर पुंजारामबापूंचा फोटो होता.

मी सीडी हातात घेतली. "कुठून मिळाली?"

"मळ्यात फुकट वाटतात. आमच्या आईला शुगर आहे, दोन वेळा इन्शुलिन. आज सकाळीच ती नांदगावहून आली, पंचवटीत मावशीकडं उतरलीय. उद्या गुरुवार. मी घेऊन चाललोय तिला, सुई अर्पण करायला." मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काल रात्रीपासून तिनं घेतलंच नाय इन्शुलिन. म्हणली, उद्या टाकायचंच आहे तर आज कशाला टोचू."

"सिंधुबाई धाडसी आहेत," शेखरच्या आईचं नाव घेत मागून राजू म्हणाला. राजू इगतपुरीचा, रेल्वेवाल्याचा मुलगा. प्रत्येक गोष्टीवर बोललाच पाहिजे असा त्याचा नियम होता.

"गप ए," शेखर म्हणाला.

मी दारं-खिडक्या लावायला सांगितल्या आणि टीव्ही सुरू केला.

संगीत. ढग. बापूंचा आवाज. मग साक्षी. एक माणूस, पडद्यावर शब्द, 'पूर्वी'. तोच माणूस, 'तीन महिन्यांनंतर'. त्यानंतर एक बाई. आणि त्यानंतर माझी आई.

'पूर्वी' ह्या शब्दाखाली ती खुर्चीत होती. शाल पांघरलेली. गालफडं आत गेलेली, जोडलेले हात थरथरत असलेले. नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कुठंतरी. मग बासरी वाजली, पडदा पांढरा झाला आणि 'तीन महिन्यांनंतर' हे शब्द आले. आई हिरव्या नारायणपेठेत पायऱ्या चढून आली. गोल चेहरा. हसली. निवेदक म्हणाला, "नाशिकच्या एक शिक्षिका. मृत्यूच्या दारातून परत."

"बाप रे," कुणीतरी म्हणालं. "काय फरक आहे!"

दोनतीन मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी रिमोटवर बोट ठेवून चित्र थांबवलं. आई हसत थांबली. तेव्हाच सांगता आलं असतं. पण सहा महिने ज्या वाक्यावर घर उभं होतं ते तोंडात आडवं आलं. मी म्हणाले, "आता आवाज बंद करून पुन्हा बघू. संगीत नाही, निवेदन नाही. काय दिसतं तेवढंच सांगा."

आवाज गेला तशी सीडी बारीक झाली. ढग म्हणजे नुसते ढग उरले.

"दिसतंय ते काय खोटं आहे?" शेखर म्हणाला. "बाई तीच आहे. नाक तेच, कपाळावरचा तीळ तोच. चित्रात गडबड नाय."

"नाही," मी म्हणाले. "चित्रं दोन्ही खरी आहेत."

"मग झालं! आणि नुसती सीडीच नाय, पेपरातपण आलंय. तीन पेपरांत." त्यानं कात्रणं बाकावर ठेवली.

राजूनं ती उचलली आणि एक मोठ्यानं वाचायला लागला. मी दुसरं कात्रण शेजारच्या मुलीला, स्नेहलला दिलं आणि राजूच्या बरोबरीनं वाचायला सांगितलं. दोघांचे आवाज एकत्र निघाले, एकत्र थांबले, स्वल्पविरामालासुद्धा एकत्र अडले. शाळेतल्या प्रार्थनेसारखं झालं ते. वर्ग हसायला लागला.

"राजू, कोर्टात तीन साक्षीदार एकच गोष्ट त्याच शब्दांत सांगायला लागले तर वकील काय म्हणेल?"

"पढवून आणलेत म्हणेल."

"हे तीन पेपर नाहीत. एक प्रेसनोट आहे, तीन वेळा छापलेली. तिथं कुणीही गेलं नव्हतं. कुणी त्या बाईला भेटलं नव्हतं."

शेखरनं कात्रणं गोळा केली. तो हसत नव्हता. "पेपरवाले आळशी असतील मॅडम. त्यानं बाई आजारी होती ते खोटं ठरत नाय."

त्याचं बरोबर होतं. आळशी बातमी खरीही असू शकते. मी मान हलवली, आणि तेवढ्यात स्नेहल उठून टीव्हीपाशी गेली.

स्नेहल पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. वर्गात कमी बोलायची. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या तोंडावर आईच्या साडीचा हिरवा उजेड पडला.

"मॅडम, मला बाईंकडं बघायचं नाहीये. मागं बघायचंय. हा मळा."

"मळ्याचं काय?"

"आधीचं लावा. खुर्चीतलं." मी लावलं. "हे बघा. घड लटकलेत. मण्यांत पाणी उतरलंय, माल तोडणीला आलाय. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. आता नंतरचं." आई पायऱ्या चढून आली. "इथं काय दिसतं?"

"काड्या," राजू म्हणाला. "पान नाय एक. आमच्याकडं भात असतो बाई, त्याला छाटत नाय कुणी, आम्हांला काय कळणार?"

"छाटलेला बाग आहे हा. तीन महिन्यांनंतर म्हणतायत."

"मग बरोबरच आहे की," शेखर पटकन म्हणाला. "फेब्रुवारीत घड होते. माल काढला. एप्रिलमध्ये छाटतात ना द्राक्षं? मी हायवेनं जाता-येता बघतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. झाले तीन महिने."

वर्ग स्नेहलकडे बघायला लागला. मीही. मला हे ठाऊक नव्हतं.

"एप्रिलची खरड छाटणी असते," स्नेहल म्हणाली. "तेव्हा काडी ठेवतच नाहीत रे. एकदोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठींवर, कापतात, खुंटी राहते नुसती. इथं काडी बघ, केवढी लांब आहे. आणि डोळ्यांना रंग दिसतोय का? पेस्ट लावलीय. कळी लवकर फुटावी म्हणून लावतात. ती ऑक्टोबर छाटणीलाच लावतात, एप्रिलला कोण लावील? मी लहान असल्यापासून बघतेय, बाया फडकं बुडवून लावत जातात. हा ऑक्टोबर आहे."

बाहेरून लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं ऐकू येत होती.

"म्हणजे..." राजूनं बोटांवर मोजलं. "फेब्रुवारीचं 'पूर्वी' आणि ऑक्टोबरचं 'तीन महिन्यांनंतर'? आठ महिने होतात राव."

"किंवा," मी म्हणाले, "ऑक्टोबर आधी आणि फेब्रुवारी नंतर. मधे तीनचार महिने. बरोबर बसतं का?"

क्षणभर वर्गाला ते उमगलं नाही. मग एकेका चेहऱ्यावर ते उमटत गेलं. स्नेहल पडद्यापासून दोन पावलं मागे सरकली.

"उलटं लावलंय," ती हळू म्हणाली. "बाई ठीक होती तेव्हा आली. आणि नंतर अशी झाली."

"प्रत्येक भक्ताचं चित्रण दोनदा होतं," मी सांगितलं. "येताना एकदा, काही महिन्यांनी एकदा. येतो तेव्हा माणूस इन्शुलिनवर असतो, म्हणून धडधाकट असतो. इन्शुलिन तोडलं की खंगत जातो. खोटं चित्र काढायची गरजच नाही. दोन खरी चित्रं घ्यायची आणि त्यांची जागा बदलायची. माणूस जितका जास्त खंगेल, तितका चमत्कार मोठा."

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज बदलला असावा, कारण राजू माझ्याकडे बघायला लागला.

शेखर मात्र उभा राहिला होता. चेहरा लाल झाला होता. "मॅडम, हा अंदाज आहे. मळा महिना सांगतो, वर्ष नाय सांगत. आधीच्या सालचा फेब्रुवारी असंल आणि त्यानंतरचा ऑक्टोबर. तीन महिने लिहिलंय तिथं आठ लागले असतील. चूक आकड्याची. बाई बरी झाली हे तर खरंच राहतं ना? स्नेहल, सांग. राहतं का नाय?"

स्नेहलनं बराच विचार केला. ती प्रामाणिक मुलगी होती. "तसंही असू शकतं," ती म्हणाली. "मळ्यावरनं वर्ष नाही कळत."

"मग!" शेखरनं प्लेअरमधून सीडी काढून घेतली. आई पडद्यावरून गेली, निळा चौकोन उरला. तो सीडी कव्हरात घालत होता, पण ती नीट बसत नव्हती. "माझ्या आईचे पाय सुजलेत मॅडम. सात वर्षं टोचून घेती. मला म्हणली, शेखर, आता पुरे, तूच घेऊन चल. तुम्ही काड्या मोजताय. मला सकाळची पहिली गाडी पकडायचीय."

"शेखर, ती बाई बरी झाली नाही."

"कशावरनं?" तो वळला. "तुम्हीच शिकवता, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. मोठा माणूस असला तरी मानू नका. विचारा, ह्याला कसं माहीत? मी विचारतो तुम्हांला. तुम्हांला कसं माहीत?"

हाच प्रश्न विचारायला मी त्यांना वर्षभर शिकवत होते. तो योग्य होता आणि योग्य माणसाला विचारला होता. पुरावा जिथवर येऊ शकत होता तिथवर मुलांनी स्वतः आणला होता. पुढचा तुकडा ह्या खोलीत एकाच माणसाकडे होता. मला दादा आठवला. व्हरांड्यात खाली बसलेला. हे बोललं की ते त्याच्यापर्यंत जाणार होतं, नाशिक एवढं मोठं नाही. आणि पंचवटीत एका बाईनं काल रात्रीपासून इन्शुलिन घेतलं नव्हतं.

"बस," मी म्हणाले. "बसून ऐक. नाहीतर उभा राहा, पण ऐक. जो ऑक्टोबर तुम्ही पडद्यावर बघितलात, तो गेल्या वर्षीचा आहे. मी त्या दिवशी तिथं होते. कॅमेऱ्याच्या मागे. मळा छाटलेला होता, पण मी मळ्याकडे बघत नव्हते, त्या बाईंकडे बघत होते. फेब्रुवारी ह्या वर्षीचा आहे. त्यांच्यासाठी त्यानंतरचा ऑक्टोबर येणारच नाही."

शेखरच्या हातातलं कव्हर तसंच राहिलं.

"आता मी सांगते म्हणूनही मानू नकोस. त्या बाईंवर शेवटी ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांचं नाव देते, जाऊन विचार. आधी मात्र मावशीकडे जा. आईला घेऊन जवळच्या दवाखान्यात जा, रक्तातली साखर मोजायला सांग. त्याला काही मिनिटं लागतात. बापू खरे असतील तर तपासणीनं त्यांचं काय बिघडणार आहे? जो माणूस तपासू नका म्हणतो, त्याला आकडा काय येणार ते आपल्याआधी माहीत असतं. आकडा बघ, आणि मग आईला काय सांगायचं ते तूच ठरव. पण आजचं इन्शुलिन चुकू देऊ नकोस."

"मॅडम," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "त्या कोण होत्या?"

"वत्सला. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. माझी आई. आम्ही सगळ्यांना सांगतो की वय झालं होतं. वय झालं नव्हतं, शेखर. तिचं इन्शुलिन बंद केलं, म्हणून माझी आई मेली."